घरमालकांचं मंगलाष्टक

खोली भाड्यानं घ्यायला गेलं की घरमालक काय विचारतो? नोकरी कुठं, लग्न झालंय का, पाहुणेरावळे किती येतात. आमच्या चाचांनी मला विचारलं, "पाठ काय आहे?"

मला काही उलगडा होईना. मी म्हटलं, "कशाचं पाठ?"

"काहीबी. कविता, शेर, ओवी. या घरात राहणाऱ्याच्या तोंडात काहीतरी पाहिजे की नाही?"

मी फुलंब्रीकडच्या खेड्यातली, वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी चेकिंगला नुकतीच लागलेली. दिवसभर पार्ट उलटेपालटे करून बघायचे आणि संध्याकाळी पाठ टेकायची, एवढंच आयुष्य. कविता कुठून आणू? शाळेतल्या होत्या त्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून धुऊन निघाल्या होत्या. पण खोली तर पाहिजे होती. मावशीच्या घरात आणखी एक आठवडा काढला असता तर मावशी तरी राहिली असती नाहीतर मी तरी. मग डोळे मिटले आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी गोठ्यात उभं करून घोकून घेतलेला दिडकीचा पाढा म्हणायला लागले.

चाचा डोलायला लागले. माझा पाढा संपला तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "वाह! क्या वजन है! मुकर्रर!"

मुकर्रर म्हणजे पुन्हा म्हणा, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मला वाटलं, काहीतरी चुकलं. म्हणून घाबरून परत पहिल्यापासून म्हटला. खोली मिळाली. आतून चाची ओरडल्या, "अब पाढ्याकू भी दाद देने लगे क्या? पोरीला चाय तरी विचारा!"

चाचा उंच, काटकुळे. दाढी मेंदीनं लाल केलेली, कुर्त्याच्या उजव्या बाहीवर शाईचा डाग. हा डाग प्रत्येक कुर्त्यावर होता. ते जन्मभर कातिब होते, म्हणजे उर्दू छापखान्यासाठी सुंदर हातानं मजकूर लिहून देणारे. शहरातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातच्या. मग कॉम्प्युटर आला आणि चाचांचा हात रिकामा झाला. दुसरा कुणी असता तर खंगला असता. चाचा म्हणाले, "चला, हात सुटला. आता तोंड चालवू." जुन्या शहरातल्या घराचा हिस्सा विकून त्यांनी बायपासकडच्या नव्या वसाहतीत दोन मजले चढवले. कालपरवापर्यंत तिथं ज्वारी होती, आता प्लॉटच प्लॉट. आजूबाजूला आमच्यासारखी सगळी गावाकडून आलेली माणसं. त्यांच्यात हा शायर.

शायर खरा, पण गंमत अशी की आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेल्या या माणसानं स्वतःची एक ओळ कागदावर उतरवली नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "कागद दिला की माणूस परत येत नाही, बेटा. घरी नेतो, फडताळात ठेवतो. तोंडी दिलं की विसरतो, आणि विसरला की पुन्हा येतो." त्यातही त्यांचा बेरकीपणा बघा. शेर दोन ओळींचा असतो. हे पहिली ओळ आज सांगायचे, दुसरी उद्या. मी कंपनीच्या बसमध्ये बसल्यापासून दिवसभर ती दुसरी ओळ काय असेल याचा विचार करायची. सुपरवायझर दोनदा ओरडला माझ्यावर.

एकदा मी चोरून त्यांचे दहाबारा शेर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला देवनागरीत लिहून काढले. म्हटलं, एवढं चांगलं वाया जातंय. ते कॅलेंडर त्यांच्या हाती लागलं. रागावले नाहीत. चष्मा लावून, बातम्या वाचणाऱ्या माणसासारखं सपाट आवाजात सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, सगळं लिवलंस, काना-मात्रा बरोबर आहे. पण ह्यात माझा खोकला कुठंय?"

खरंच. दुसऱ्या ओळीच्या आधी ते हमखास खोकायचे. त्या खोकल्यात ऐकणाऱ्याचा जीव टांगलेला असायचा. कागदावर दुसरी ओळ पहिलीच्या खाली निमूट बसली होती, कुणीही आपलं वाचावी. चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते कॅलेंडर अजून आहे माझ्याकडं, आणि मी ते वाचताना मधे खोकते. मुलं हसतात, हसू देत.

मी राहायला आले त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. नळ नावालाच. चाचा म्हणायचे, "शहराला दरवाजे बावन्न, आणि पाणी यायला एक बी रस्ता नाही." टँकर यायचा. टँकर म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. बायका हंडे घेऊन पळायच्या, नंबरावरून झिंज्या धरायची वेळ यायची. एका दुपारी असंच पेटलं होतं, तेवढ्यात चाचा ओट्यावर उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले,

"बादल कू बोलो, आना तो आ रे..."

आणि गप्प. बायका वर बघायला लागल्या. सिल्लोडकडची एक बाई होती, जिभेनं लोखंड कापेल अशी. ती म्हणाली, "पुढं?"

"पुढचं लाईन लागल्यावर."

लागली की लाईन! मग चाचा खोकले आणि म्हणाले, "घागर की गर्दन अकड़ गई रे!"

"मराठीत सांगा, मराठीत," बायकांनी गिल्ला केला. चाचांनी तिथल्या तिथं फिरवलं, "ढगाला सांगा, यायचं तर ये, वर बघून बघून घागरीची मान अवघडली."

सिल्लोडची बाई फणकारली, "घागरीला काय झालंय अवघडायला? ती तर माझ्या कमरेवर बसती. मान माझी अवघडली."

चाचा एवढे खूश झाले की ओट्यावरून खाली उतरून त्यांनी त्या बाईला वाकून सलाम केला. तेव्हापासून शेर तिच्या मानेचा झाला. घागर गेली ती गेलीच. मला म्हणाले, "लिवलं असतं तर तिला सुधारता आलं असतं का?" त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरवर एकही भांडण झालं नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. पण दोन ओळींच्या मधल्या वेळात कधी झालं नाही.

सकाळी मी डबा भरत असले की दारावर टकटक. "बेटा, एक लफ्ज अडकलाय." आपला दखनी उर्दूतला शेर मराठीत फिरवायचा त्यांना नादच लागला होता, कारण समोरची वसाहत सगळी मराठी, आणि ऐकणारा नसेल तर चाचांना जेवण जायचं नाही. मी घाईघाईत म्हणायची, "याद म्हणजे आठवण, चाचा, सोडा आता, बस जाईल." ते मान हलवायचे. "नक्को नक्को. याद येते आणि जाते. तुमची आठवण येते आणि बसते. चाय मागते." मग दोन दिवस त्या एका शब्दावर घोळ. शेजारच्या प्लॉटवर बोअर घ्यायची मशीन धडधडायला लागली की ते हात जोडून थांबायचे, जणू दुसरा शायर म्हणतोय. चाची कपाळावर हात मारायच्या. "मेरेकू एक कान से कम सुनाई देता, इसी वास्ते संसार टिकला."

आता आप्पांचं सांगते.

कंपनीत पलीकडच्या लाईनवर एक मुलगा होता. खुलताबादकडचा, धनगराच्या घरातला. आजोबा अजून मेंढरं हिंडवतात, वडील थोडी शेती नि बाकी रोजंदारी. आमचं जमलं. आमच्याकडं मोसंबीची बाग, जमीनजुमला, आणि त्याहून मोठा आमचा ताठा. मी घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आप्पा ओरडतील, फार तर हात उगारतील. मी तयारीनं गेले होते. आप्पा एवढंच म्हणाले, "तुझं तू बघितलंस. तारीख कळीव."

आणि बोलणं बंद. भांडण परवडतं हो, माणूस भांडतं तेव्हा निदान समोर तरी असतं. फोन केला की आप्पा रिसीव्हर आईकडं द्यायचे. गावी गेले की उठून बागेत. बाग तरी काय राहिली होती, विहीर आटलेली, टँकरच्या पाण्यावर दोनचार ओळी कशाबशा जगवलेल्या. लग्न ठरलं, तेही चाचांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, कारण गावात मांडव घालायला आप्पांची तयारी नव्हती. लग्नाला येतो म्हणाले. पाहुण्यासारखे येणार, जेवणार, जाणार. माझ्याशी एक शब्द न बोलता मला सासरी धाडणार. मला तेवढंच लागलं होतं, बाकी सगळं मी सोसलं असतं. चाचींच्या मांडीत डोकं घालून मी एक दिवस पोटभर रडले.

चाचा दारात उभे होते. म्हणाले, "मंगलाष्टक मी बांधणार."

मला रडता रडता हसू आलं. "चाचा, तुम्ही? ते शार्दूलविक्रीडितात असतं."

"असू दे. शार्दूल साहेब कितीबी मोठे असले तरी घर तर माझं आहे."

दुसऱ्या दिवशी चाचा गायब. चाची म्हणाल्या, "सुबह की एस.टी. पकड के फुलंब्रीकू गए. तुम्हारे आप्पा के पास." मी मनात म्हटलं, आता आप्पा चाचांना काय काय ऐकवतात कोण जाणे. संध्याकाळी चाचा आले ते पिशवीत मोसंबी घेऊन, दुष्काळातली, लिंबाएवढी. मी धावले. "आप्पा काय म्हणाले?"

"मी म्हटलं, पोरीचं मंगलाष्टक बांधतोय, बापाच्या तोंडचे दोन शब्द पाहिजेत. तर म्हणाले, माझ्याकडं कसले शब्द? मग बसलो विहिरीवर दोघं. तास गेला. मग बोलले."

"काय बोलले?"

"शायरी."

"आप्पा आणि शायरी? चाचा, थट्टा करू नका."

"त्यांना ठाऊक नाही ते." एवढं बोलून चाचांनी मोसंबी सोलायला घेतली. मी खोदून खोदून विचारलं, रुसले, चहा दिला नाही. शेवटी म्हणाले, "मी सांगितलं तर तर्जुमा होईल, बेटा. अनुवाद. तुला असल पाहिजे का अनुवाद?"

मग त्यांची शार्दूल साहेबांशी झटापट सुरू झाली. पाण्याच्या रिकाम्या ड्रमवर ठेका धरून लघु-गुरू मोजायचे. शेजारच्या शिक्षकांकडून शब्दकोश आणला. सदन, सुता, अंतरी, असले शब्द घोळवत अंगणात फिरायचे. मला धडकी भरली. हा माणूस टँकरच्या लाईनला शेर सांगताना किती साधा असतो, आणि मराठी वृत्तात शिरला की शेरवानीवर फेटा बांधल्यासारखा दिसतो.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव प्लॉटवर, पाणी टँकरचं, टँकरला झेंडूची माळ. सासरकडची माणसं हौशी, आजेसासरे घोंगडं खांद्यावर टाकून पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी चाचांचे दोस्त, तीनचार म्हातारे, मुशायऱ्याला निघाल्यासारखे अत्तर लावून. आप्पा आले. मांडवाच्या कडेच्या बांबूला टेकून उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही.

आपल्याकडं मंगलाष्टकं कुणी ऐकतं का? ती अक्षता टाकायला निमित्त असतात. मागं पंगतीत काय आहे याची कुजबुज, पोरांची अक्षतांची मारामारी, आणि माईकवर कुणीतरी आत्या बेसूर. पण चाचांना ते कसं ठाऊक असणार? म्हणजे लग्नं त्यांनी शेकडो पाहिली होती, पण माईक हातात पहिल्यांदाच आला होता. त्यांनी पहिलं कडवं म्हटलं, नवरदेवाच्या कौतुकाचं, असं तरन्नुममध्ये, आळवून. आणि पहिल्या रांगेतून एकदम, "वाह वाह! मुकर्रर!"

आता मुशायऱ्याचा रिवाज असा की मुकर्रर म्हटलं की पुन्हा म्हणायचंच, नाही म्हणणं म्हणजे ऐकणाऱ्याचा अपमान. चाचांनी पुन्हा म्हटलं. म्हाताऱ्यांनी पुन्हा दाद दिली. आजेसासऱ्यांना कळलं की असं ओरडायचं असतं, तर तेही ओरडायला लागले. अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात भरून आले, भटजी कासावीस. "अहो चाचा, मुहूर्त!"

"पंडितजी," चाचा माईकवरच म्हणाले, "दाद आली की परतवायची नसते." सगळा मांडव हसला. आणि मग गंमत म्हणजे सगळा मांडव ऐकायला लागला. कुजबुज थांबली. चाचा खोकले. आप्पांच्या दिशेला वळले.

"होती ही सदनी सुता सुवचनी, वाजे जशी बासरी,
गेली ती परक्या घरी, मग पिता शोधे तिला अंतरी..."

"थांबा जरा."

आवाज आप्पांचा होता. बांबू सोडून ते दोन पावलं पुढं आले होते. म्हटलं, झालं, आता सगळ्यांदेखत तमाशा.

"मास्तर, असं नव्हतं म्हणलो मी," आप्पा म्हणाले. चाचांना ते मास्तर म्हणत होते, का ते देव जाणे. "बासरी कुठून आली? आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी बासरी वाजवली नाय. मी विहीर म्हणलो होतो."

"वृत्तात बसत नव्हती," चाचा अगदी गरीब चेहरा करून म्हणाले. पुढं मी त्यांना कितीदा तरी विचारलं, मुद्दाम केलंत ना? प्रत्येक वेळी हेच उत्तर, विहीर वृत्तात बसत नाही. साफ खोटं. मी स्वतः बसवून पाहिली आहे, मजेत बसते.

चाचांनी माईक पुढं केला. "मग तुम्हीच सांगा. बरोबर काय होतं?"

आप्पांनी माईक घेतला नाही. ते तसेच बोलले, पण आता मांडवात एवढी शांतता होती की टँकरच्या नळाची ठिबक ऐकू येत होती. "त्यात काय सांगायचं? ही बारकी होती तवा विहिरीत वाकायची आन् सोताच सोताला हाक मारायची. विहीर परत हाक द्यायची, तर खिदळायची. मला लई भ्या वाटायचं, पडती का काय. लई मारलं मी तिला त्यापायी. तरी वाकायचीच." त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. "आता विहीर कोरडी हाये. कोरड्या विहिरीत आवाज जास्ती घुमतो. पर वाकायला कुणी नाय. मग सकाळी तळ बघायला गेलो की मीच मारतो हाक. हिच्या नावानं. एवढंच म्हणलो होतो. बासरी-बिसरी काय नाय."

कुणी अक्षता टाकल्या नाहीत. आई पदरात तोंड घालून उभी. भटजींनी पंचांग मिटलं. चाचांच्या दोस्तांपैकी सगळ्यात म्हातारा होता, तो हात वर करून म्हणाला, "मुकर्रर... मुकर्रर, साहब."

"काय म्हणतेत हे?" आप्पांनी विचारलं.

"पुन्हा म्हणा म्हणतात."

"पुन्हा कामून? जिला सांगायचं तिला ऐकू आलं म्हंजी झालं." आणि ते माझ्याकडं वळले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "ऐकू आलं का गं?"

नवरीनं मान खाली घालून उभं राहायचं असतं. मी हातातला हार तसाच धरून ओरडले, "आलं, आप्पा! आलं!"

आप्पांनी अंतरपाटाच्या पलीकडं बघितलं, जिथून आमचे नवरदेव टाचा उंचावून हा सगळा प्रकार बघायची धडपड करत होते.

"मग या विहिरीकडं," ते म्हणाले. "पाणी नाय तिला, पर या. दोघंबी या."